दोन कंपन्या आणि अकरा गोधड्या

रत्नप्रभा घाडीने आपल्या बापाचा आवाज अंधेरीच्या सिनेमा कंपनीला विकला, ही बातमी भटवाडीत सकाळी नळावर जन्मली आणि दुपारपर्यंत टेकडीवरच्या शेवटच्या चाळीपर्यंत चढून गेली. जन्म देणाऱ्या सोनूबाई. त्यांच्याकडे आकडाही तयार होता. "सात हजाराक इकल्यान गो. म्हणान तर अनंत बोलणा नाय. कंपनीन कागद करून घेतल्यान हा, खंय तोंड उघडलंस तर दंड." हे सांगताना सोनूबाई डावा डोळा बारीक करतात आणि 'दंड' हा शब्द आधी जिभेवर ठेवून चोखतात, मग बाहेर सोडतात.

यातलं एवढंच खरं, की १९८७च्या मार्चनंतर अनंत घाडी बोलले नाहीत. आवाज विकलेला नव्हता. तो एका गुरुवारी इस्पितळात घशातल्या गाठीबरोबर काढून टाकला. आणि विकायचाच म्हटला असता तरी घेणार कोण होतं? त्या मार्चमध्ये रत्नप्रभा दोन कंपन्यांच्या दारात बापाचा आवाज फुकट घेऊन उभी होती. एकीकडे तो पकडायला वेळ नव्हता आणि दुसरीकडे मशीन नव्हतं. ही हकिकत त्या नऊ दिवसांची. लिहिणारी घाडींच्या समोरच्या खोलीत राहते, तिला लोकांचे आवाज काढायची खोड आहे, त्यामुळे निदान बोलणं तरी कोणाचं बदललेलं नाही.

रत्नप्रभा तेव्हा बावीस वर्षांची. दिवसा विक्रोळीच्या एका कारखान्यात टायपिस्ट, संध्याकाळी अंधेरीत सिनेमाच्या वर्गाला. चालायची अशी, की कोणीतरी मागून हाक मारणार आहे आणि आपल्याला ती ऐकायची नाही. आई शेवंती म्हणायची, "ह्या चेडवाक लग्नाचा सांगलंय तर सांगता, आई, फ्रेम बघ." फ्रेम म्हणजे काय ते शेवंतीला ठाऊक नव्हतं, पण लग्न नव्हे हे तिला कळलं होतं.

बापाचं मात्र वेगळं. अनंत घाडी मिलमध्ये होते, मिल गेली, मग साकीनाक्याला एका गोदामावर वॉचमन झाले. गोदामात त्यांना 'ए वॉचमन' म्हणत. भटवाडीत त्यांना घाडीबुवा म्हणत, कारण इथल्या कोकणातल्या सगळ्या घरांचं गाऱ्हाणं तेच घालायचे. कोणाचा पाळणा असो, नवी रिक्षा असो, पोरगा दहावीला बसायचा असो, नारळ ठेवला की घाडीबुवा डोळे मिटून देवाशी बोलायला लागायचे, आणि त्यांच्या प्रत्येक मागण्यावर जमलेली मंडळी एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा." आवाज कसा? खाली विहिरीत कोणीतरी रांजण हळूच ठेवावा तसा.

त्यांचे कायदे कडक. विनाकारण गाऱ्हाणं घालायचं नाही, देवाला उगाच उठवायचं नाही. एकदा सांगितलेलं त्याच तोंडाने पुन्हा सांगायचं नाही, देव बहिरा नाही. आणि गाऱ्हाण्यात ज्याचं नाव येईल त्याने हातात असेल ते सोडून हात जोडायचे. या तिसऱ्या कायद्यापायी एकदा बाळा न्हाव्याने गिऱ्हाईकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा खाली ठेवला होता. तो माणूस अर्धी दाढी घेऊन "व्हय म्हाराजा" म्हणाला होता.

त्या आवाजाला जानेवारीपासून खर लागली होती. दहा मार्चला, मंगळवारी, डॉक्टरांनी सांगितलं: गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल, एकोणीस तारखेला गुरुवारी. बुधवारी दुपारी दोनला भरती व्हा. शेवंतीने पदर तोंडात घातला. अनंत घाडींनी एकच विचारलं, "मगे गाऱ्हाणा कोण घालतलो?"

डॉक्टर पुण्याकडचे होते. ते म्हणाले, "आपण लेखी तक्रार करू शकता."

रत्नप्रभा बाहेरच्या बाकावर बसली होती, तिथेच तिचं ठरलं. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटा चित्रपट करून द्यायचा होता. वर्गाकडून कोऱ्या फिल्मचे दोन डबे मिळायचे, एकेक अकरा मिनिटांचा. बाकी कॅमेरा, आवाज, माणसं हे सगळं कुठल्या तरी निर्मिती कंपनीला पटवून ज्याचं त्याने आणायचं. तिने आधी स्टेशनबाहेरच्या पाणीवाल्यांवर विषय दिला होता. तो तिने त्याच संध्याकाळी बदलला. बाबांचं गाऱ्हाणं. पूर्ण, एकसलग, त्यांच्या आवाजात. बुधवारी दुपारी दोनच्या आत.

वर्गात सगळे म्हणाले, मोठी कंपनी धर. लहान कंपनीवाले मुलांना गाठतात, फिल्मचे डबे वापरून टाकतात आणि शेवटी नावंसुद्धा चुकीची लिहितात. म्हणून ती आधी गेली ऐरावत पिक्चर्समध्ये. अंधेरी पूर्वेला, काचेचं दार, आत एवढं गार की तिथल्या रिसेप्शनिस्टने मार्चमध्ये स्वेटर घातलेला. प्रॉडक्शन मॅनेजर नंदकुमार साहेब. त्यांचा आवाज लोणी लावलेल्या पावासारखा, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी एक छोटा उसासा, जणू तुमच्यासाठी आत्ताच काहीतरी सोडून दिलं.

"हे बघ बेटा, प्रिन्सिपली आम्ही तुझ्याबरोबर आहोत. विषय काय, फँटास्टिक. फादरचा आवाज, मग नो आवाज. माझ्या अंगावर काटा आला, बघ." त्यांनी हात पुढे केला. काटा एसीचा होता, पण होता.

त्यांनी तिला कॅमेरा दाखवला. तो चालू केला तरी कळायचं नाही, एवढा मुका. त्याला जोडलेलं आवाजाचं मशीन, ओठ आणि शब्द यांच्यात केसाचाही फरक पडू न देणारं. रत्नप्रभाने त्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. नंदकुमार साहेब म्हणाले, "मंगळवार, सतरा तारीख. आमचं एक शूटिंग दुपारी सुटतं, गाडी तशीच तुझ्याकडे वळवतो. आणि काम चांगलं झालं तर आम्हाला असिस्टंट लागतातच." वहीत त्यांनी तिचं नाव लिहिलं. पेन्सिलने.

"नक्की ना, सर?"

"नक्की. पेन्सिलने नक्की."

दुसरी कंपनी तिला वर्गातल्या शिपायाने सुचवली होती. ऐरावतचं जमलं होतं तरी ती शुक्रवारी तिकडेही जाऊन आली, कारण टायपिस्टला कार्बन कॉपी ठेवायची सवय असते. सातेरी फिल्म्स, दहिसर, चेकनाक्याच्या अलीकडे, एका गॅरेजच्या मागचा गाळा. बाहेर ट्रकचे टायर. आत मालक, कॅमेरामन, हमाल आणि चहावाला हे सगळे मिळून एक माणूस, सहदेव. लग्नं काढायचा, सरकारी खात्यासाठी कोंबडीपालनाच्या फिल्मा काढायचा.

त्याने कॅमेरा चालू करून दाखवला. शिवणयंत्राला दमा झाल्यावर जो आवाज येईल तो आला.

"आवाज मागसून घालूया," सहदेव म्हणाला. "सगळेच तसा करतत. चित्र आज, आवाज डबिंगमधी."

"मागाहून आवाज नसणार आहे," रत्नप्रभा म्हणाली, आणि कारण सांगितलं.

सहदेवने मशीन बंद केलं. मग म्हणाला, "घाडी? खंयचे तुम्ही?"

"कणकवलीच्या अलीकडचे."

"मगे गोधडी घालूया. कॅमेऱ्याक गुंडाळून. तीन-चार गोधडे घातले की खडखड दबता. टेपरेकॉर्डर माझ्याकडे हा, स्पूलचो. मीटरबिटर काय नाय तेका, पण ऐकता बरा."

रत्नप्रभाच्या डोळ्यांसमोर अजून तो मुका कॅमेरा होता. तिला त्या गोधडीचा राग आला. म्हणाली, "माझ्या वडिलांचा शेवटचा आवाज आहे. त्यावर गोधडी नको. ऐरावतने तारीख दिली आहे, तुम्ही लग्नंच काढा."

"काढतंय ना," सहदेव म्हणाला. "लग्नातव लोक रडतत, बाय. ता रडणाव मशीनीत येता."

ती बाहेर पडली.

शनिवार, रविवार घाडींच्या घरात सफाई चालली होती. शेवंतीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून जुन्या खिळ्याच्या भोकात साबण भरला, कारण सिनेमात भोकं दिसतात असं तिला कोणी तरी सांगितलं होतं. अनंत घाडींना बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते बोटांनी बोलायचे, आणि मधूनच खाकरून आवाज आहे का बघायचे, वॉचमन कुलूप ओढून बघतो तसं.

मंगळवारी सकाळी दहाला रत्नप्रभाने औषधाच्या दुकानातून ऐरावतला फोन लावला. ती फोनवर फक्त एवढंच बोलत होती: "हो सर. पण सर. गुरुवारी सर, गुरुवारीच तर." दुकानदार सुट्टे पैसे मोजायचा थांबला.

पलीकडचं नंतर तिनेच सांगितलं. हिरोचा घसा बसला होता. शूटिंग दोन दिवस पुढे. "तू समजून घे बेटा, गळा आहे माणसाचा. गुरुवारी दोन वाजता देतो. आता पेनाने लिहितो, बघ, लिहिलं." आणि उसासा.

औषधाच्या दुकानातून घरी यायला सात मिनिटं लागतात. त्या दिवशी रत्नप्रभा तासभर रस्त्यातच होती. ती साकीनाक्याच्या दिशेने गेली, परत फिरली, खाडीकडच्या रस्त्याला लागली, परत फिरली. मग विक्रोळीला ऑफिसात जाऊन मशीनवर बसली आणि तिने एक अर्ज टाइप केला. इस्पितळाला. घरगुती अडचणीमुळे रुग्णाची शस्त्रक्रिया आठ दिवस पुढे ढकलावी, ही विनंती. एकही चूक नाही, समास सारखे. खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ.

तो कागद घेऊन ती दुपारी घरी आली आणि बापासमोर बसली. काय आहे ते सांगितलं. हेही सांगितलं, की आठ दिवसांनी ऐरावतचा कॅमेरा नक्की मिळेल, आणि त्यात आवाज असा येईल की तुम्ही खोलीत आहात असं वाटेल.

अनंत घाडींनी पेन मागितलं. "आठ दिसान काय होता?" ते कुजबुजले. त्या कुजबुजीतही खर होती.

शेवंती तांदूळ निवडत होती. सूप तिने बाजूला ठेवलं नाही, हातातच धरलं. "माका इंग्लिश वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "माका एवढाच सांग. गाठ थांबतली आठ दीस?"

रत्नप्रभाने तोंड उघडलं. वरून सांताक्रूझला उतरणारं विमान गेलं. भटवाडीवरून विमानं पत्र्याला पोट घासून जातात, बोलणाऱ्याने तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबायचं, अशी इथे रीत आहे. विमान गेलं तरी रत्नप्रभाचं तोंड उघडंच होतं.

मग तिने बापाच्या हातातून पेन घेतलं. कागदाची घडी केली, मग घडीची घडी, अशी की पुढे घडी होईना. "आई," ती म्हणाली, "मी सही आधी स्वतःच करणार होते. बाबांची. ऑफिसात. येते मला." एवढं बोलून ती मोरीत जाऊन तोंड धूत बसली. बादलीत पाणी नव्हतं.

अडीच वाजता ती दहिसरला निघाली. गाळ्याला कुलूप. गॅरेजवाला म्हणाला, सहदेव वसईला बारशाला गेलाय, येईल तेव्हा येईल. ती टायरवर बसली. बुधवारी दोनला भरती, म्हणजे हातात होते चोवीस तासांना थोडे कमी, आणि त्यातला प्रत्येक तास इथे ट्रकच्या धुरात चालला होता. ज्याला ती लग्नं काढ म्हणाली होती त्याच्या दारात. तिने मनात माफी टाइप केली, खोडली, पुन्हा टाइप केली. पाच वाजले. सव्वापाचला तिला वाटलं, उठावं आणि घरी जाऊन बाबांना सांगावं की राहू दे, मला तुमचा आवाज पाठ आहे. पण पाठ नव्हता. तिने टायरवर बसून "बा देवा म्हाराजा" एवढंच बापाच्या सुरात म्हणून बघितलं आणि तिला तो सूर लागेना. बावीस वर्षं ऐकलेला. तिथे मात्र ती रडली.

सहदेव साडेपाचला आला. खांद्यावर पेटी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"सहदेवदादा, मी त्या दिवशी..."

"पेढो घे. चेडू झाला तेंका." त्याने कुलूप काढलं. "मोठ्यांनी पुढे ढकलल्यानी?"

"हो."

"ढकलतत ते. तेंका ढकलूक जागा हा. माका खंय जागा?" त्याने गाळ्याकडे हात केला, टायर ते भिंत. "सकाळी साताक येतंय. गोधडे तुम्ही बघा. माझ्याकडे एकच हा आणि ती मी पांघरतंय."

बुधवारी सकाळी भटवाडीत गोधड्या फिरल्या. सांगितलं होतं चार, आल्या अकरा. सोनूबाईंनी स्वतःची नवी दिली, मग दोनदा येऊन फाटणार नाही ना विचारून गेल्या. सहदेवने कॅमेरा तिवईवर चढवला आणि त्यावर गोधड्या घालत गेला. फक्त काचेचं तोंड बाहेर. गुंडाळून झाल्यावर तो थंडीत तीर्थयात्रेला निघालेल्या म्हातारीसारखा दिसायला लागला. चालू केला. खडखड होती, पण आता शेजारच्या बिऱ्हाडातली वाटत होती. सहदेव स्वतः गोधडीत डोकं खुपसून उभा. रत्नप्रभाच्या हातात काठीला बांधलेला माईक. टेपरेकॉर्डर शेवंतीच्या पाटावर.

"एकदा नुसतं म्हणून बघा, बाबा," रत्नप्रभा म्हणाली. "आवाजाचा अंदाज घेते."

अनंत घाडींनी मान हलवली. नाही. दुसरा कायदा.

"आणि कारण काय?" ते कुजबुजले. "देवाक कशाक उठवू? फोटोक?"

हा प्रश्न नऊ दिवसांत तिच्या डोक्यात आला नव्हता. तिने कॅमेऱ्याचा विचार केला, तारखेचा केला, कंपनीचा केला. घाडी कारणाशिवाय गाऱ्हाणं घालत नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं आणि तेच ती विसरली होती. ती म्हणाली, "तुमचं ऑपरेशन."

"स्वतासाठी मागूचा नसता."

दारात तीस माणसं हात जोडून तयार, आत घड्याळात साडेआठ. अनंत घाडींनी लेकीकडे बघितलं. रात्रभर न झोपलेला चेहरा, हातात काठी, काठीच्या टोकाला फडक्यात बांधलेला माईक. मग त्यांनी नारळ उचलला आणि पानावर ठेवला.

"कारण हा," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

रत्नप्रभाने सहदेवला खूण केली. गोधड्यांतली म्हातारी कुरकुरायला लागली.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या धन्या. आज हयसर सगळी लेकरा हात जोडून उभी आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आवाज आला. कुठून आला, देव जाणे. आठ दिवस साठवलेला असावा. खर होती, पण रांजण विहिरीत टेकला.

"ह्या माझ्या चेडवान, रत्नप्रभान, सिनेमाचो घाट घातल्यान हा. वाट दिसना नाय, दोन दारा फिरला, रडला. तेच्या कामाक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नाव आलं होतं. रत्नप्रभाने माईकची काठी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरली आणि तशीच हात जोडून उभी राहिली.

"अंधेरीच्या थोरल्या कंपनीन दिलेलो शब्द फिरवल्यान. तेंकाव काय अडचण आसतली. त्या हिरोचो घसो बरो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." बाळा न्हाव्याने हे जरा नाखुशीने म्हटलं.

"आणि ह्यो सहदेव, दहिसरसून पेटी घेवन इलो. तेच्या हाताक यश दी, तेच्या मशीनीची खडखड तुझ्या कानाक लागा देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तीस माणसं म्हणाली, आणि गोधडीच्या आतून एकतिसावा आवाज आला. सहदेवने कॅमेऱ्याची मूठ सोडली होती. दोन्ही हात गोधडीच्या बाहेर आले, जोडले गेले. तो कणकवलीच्या पलीकडचा होता. त्याचं नाव आलं होतं.

मूठ सुटल्यावर अकरा गोधड्यांचा भार पुढे आला आणि कॅमेऱ्याने हळूहळू मान खाली घातली.

रत्नप्रभाला दिसत होतं. काच आता बाबांकडे नाही, जमिनीकडे बघत होती. ओरडावं तर ओरडणं टेपमध्ये जाणार. धावावं तर माईक हलणार. ती हात जोडून, ओठ चावून उभी, आणि सहदेव डोळे मिटून तल्लीन. अकरा मिनिटांच्या डब्यातली अजून सहा तरी शिल्लक होती. सगळी तशीच गेली. त्यातच शेवटच्या मागण्याला वरून विमान आलं. अनंत घाडी थांबले नाहीत. गाऱ्हाण्यात विमानासाठी थांबत नाहीत. ओठ हलले, मागितलं ते मागितलं, विमान गेलं, आणि लोक शेवटचं "व्हय म्हाराजा" म्हणाले.

दोन वाजता ते भरती झाले.

गाठ गेली, माणूस राहिला, आवाज गेला. हातात पाटी आली. फिल्म धुऊन आली तेव्हा चार मिनिटं घाडीबुवा होते आणि उरलेला वेळ मंडळींचे पाय. भेगा पडलेले, जोडवी घातलेले, एक अंगठा बँडेजमधला, आणि प्रत्येक "व्हय म्हाराजा"ला जमिनीत किंचित रुतणारे. सहदेव त्या दिवशी चहा प्यायला नाही. म्हणाला, "बाय, मी वाट लावलंय तुझी." रत्नप्रभा म्हणाली, "सहदेवदादा, नाव आल्यावर तुम्ही हात जोडले नसते, तर बाबांनी गाऱ्हाणं तिथेच थांबवलं असतं."

अडचण होती ती विमानाची. शेवटचं मागणं कोणालाच ऐकू आलं नव्हतं. शेवंती म्हणे, त्यांनी लेकीचं लग्न मागितलं. बाळा म्हणे, मिल. बापाला विचारलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "देवाक सांगलंय. एकदाच." वर्गातल्या सरांनी बजावलं, ते विमान परीक्षकांना चालणार नाही. आणि नंदकुमार साहेबांनी, हिरोचा घसा बरा झाल्याच्या आनंदात की काय, ऐरावतमध्ये डबिंगसाठी एक तास फुकट दिला. "कोणी तरी आवाज काढणारा बघ, बेटा."

हे कानावर येताच ही हकिकत लिहिणारी घाडींच्या दारात हजर. तिला घाडीबुवा येत होते, खरीसकट. शेवंतीच्या आठवणीतलं लग्नाचं मागणं, घाडीबुवांच्या आवाजात, विमानाच्या जागी. रत्नप्रभाला पटत नव्हतं. तेव्हा पैज लागली. मागणं सहदेवच्या टेपवर भरून भटवाडीला फिल्म दाखवायची. एकालाही फरक कळला तर लिहिणारीने महिनाभर घाडींचं पाणी भरायचं. नाही कळला तर रत्नप्रभाने तिला ऐरावतमध्ये न्यायचं आणि नंदकुमार साहेबांसमोर उभं करायचं.

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत खेळ झाला. काळोख करायला खिडक्यांना त्याच गोधड्या. सहदेव प्रोजेक्टरवर, रत्नप्रभा टेपवर, कारण चित्र आणि आवाज अजून एका पट्टीवर आले नव्हते. अनंत घाडी पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी.

पडद्यावर घाडीबुवांनी पहिलं मागणं मागितलं, आणि खोलीतली माणसं, कोणी न सांगता, म्हणाली, "व्हय म्हाराजा." पडद्यावरचेही म्हणाले, खोलीतलेही म्हणाले. रत्नप्रभाचं मागणं, हिरोचा घसा, सहदेवचे हात, दरवेळी दोन्हीकडून. सहदेवने पुन्हा प्रोजेक्टर सोडून हात जोडले. मग पाय आले, आणि पायांवरही लोक म्हणत राहिले.

मग शेवटचं मागणं. "ह्या चेडवाचे हात पिवळे होऊ दे रे म्हाराजा." सूर तोच, खर तीच, रांजण तसाच टेकला. लिहिणारी अंधारात हसली.

खोलीत कोणी काही म्हणालं नाही.

पडद्यावरचे पाय जमिनीत रुतले, टेपमध्ये तीस माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. खोलीतल्या साठांपैकी एकही नाही. बाळा न्हावी इकडेतिकडे बघत होता. सोनूबाईंचे हात अर्धे वर आले होते आणि तिथेच राहिले. कोणाला काय चुकलं ते सांगता येत नव्हतं. अनंत घाडींनी मागे वळून अंधारात बरोबर लिहिणारीकडे बघितलं. रागावले नव्हते. त्यांनी बोटाने वर दाखवलं, जिथून विमानं जातात.

त्या आठवड्यात रत्नप्रभाने लग्न कापलं आणि विमान परत घातलं. परीक्षकांनी तिला दुसऱ्या वर्गात पास केलं आणि शेरा मारला, की कॅमेरामन निष्काळजी आहे. ती आता सातेरी फिल्म्समध्ये आहे, दहिसरला, टायरांच्या मागे. ऐरावतमधून बोलावणं आलं होतं, तिने पेन्सिलने हो कळवलं.

पाणी पहाटे साडेपाचला येतं, दोन हंडे आणि एक कळशी, नळापासून घाडींच्या दारापर्यंत एकोणतीस पायऱ्या. महिना एकतीस दिवसांचा निघाला.